छत्तिसावा दात

माणसाचा सगळा इतिहास म्हणजे योग्य क्षणी ठिणगी पाडण्याचा इतिहास आहे. हे वाक्य मी माझ्या लिहित्या काळात तीन वेळा छापून आणलं आणि तिन्ही वेळा वाचकांची कौतुकाची पत्रं आली. त्याच काळात आमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर बंद होता. सलग अडीच वर्षं बंद होता. दादाला दाखवतो, दादाला दाखवतो म्हणत आम्ही काडेपेटीवर दिवस काढले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने त्रेचाळीस वर्षं शर्यतीच्या मोटारींची इंजिनं बांधली. एवढी वर्षं मिनिटाला आठ हजार फेऱ्यांनी किंचाळणाऱ्या इंजिनांशेजारी उभं राहायचं म्हणजे कानात कापूस हवा, असं त्याला सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं: कापूस घातला तर इंजिन काय म्हणतंय ते कसं कळणार? हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि आता बहात्तराव्या वर्षी दादाला तो युक्तिवादही नीट ऐकू येत नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी त्याला एक आलेख दाखवला. डावीकडे बरा, मग जिना, मग तळघर. सहा महिने धरून चाला, म्हणाले. कानाला यंत्र लावून थोडं लांबेल, पण धरून सहाच चाला.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच्या आदल्या वर्षी माझा पुतण्या, म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा, गेला. ताप आला आणि चार दिवसांत गेला. तो चढाच्या शर्यतीत मोटार चालवायचा, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांना आधी अपघाताचंच वाटायचं. तापाने गेला म्हटल्यावर लोकांची, वाईट वाटेल म्हणून सांगत नाही, पण जराशी निराशा व्हायची.

मागे राहिलं ते घराच्या पाठीमागच्या पत्र्याच्या शेडमधलं इंजिन. चार सिलिंडरचं, लोखंडी स्टँडवर बसवलेलं, सगळं पूर्ण. फक्त ठिणगीची व्यवस्था बाकी होती. म्हणजे माणूस न्हाऊन, कपडे करून, बूट घालून दारात उभा, आणि श्वास तेवढा घ्यायचा राहिलेला. आलेख पाहून घरी आलो त्या दिवशी दादा शेडमध्ये गेला, इंजिनावरची चादर काढली आणि म्हणाला, "हे एकदा ऐकायचंय. मग कान गेले तरी चालतील." मी चादरीची घडी घातली.

वहिनी शेडमध्ये येत नव्हती. मुलगा गेल्यापासून ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत यायची, चहाचे पेले पायरीवर ठेवायची आणि परत फिरायची.

आता ठिणगी केव्हा पाडायची हे इंजिनाला कुणीतरी सांगावं लागतं, आणि हे सांगणारं कोण असावं यावर आमच्या घरात पंधरा दिवस वाद चालला. वाद दादा आणि दादा यांच्यात होता. मी श्रोता होतो. जुनी पद्धत पॉइंट्सची: डिस्ट्रिब्यूटरमध्ये, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागात, एक छोटा उंचवट्यांचा कॅम फिरतो, तो धातूचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर करतो, की ठिणगी. दादाने उभा जन्म पॉइंट्सवर काढला होता. त्यात फट किती ते फीलर गेजच्या पातळ पट्टीने मोजता येतं, बोटाला कळतं, बिघडलं तर डोळ्याला दिसतं. दुसरी पद्धत म्हणजे त्याच डिस्ट्रिब्यूटरमध्ये चुंबकाचा सेन्सर बसवायचा. आणि तिसरी, थेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला दातेरी चाक लावायचं, समोर सेन्सर ठेवायचा, आणि दात मोजून हिशेब करणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा बसवायचा. दादाचं मत होतं की ज्या वस्तूवर बोट ठेवता येत नाही तिच्यावर विश्वास ठेवायला तो काही देवळात बसलेला नाही.

पण माणूस कामात प्रामाणिक. शेडच्या कोपऱ्यात त्याचं जुनं यंत्र होतं. त्यात डिस्ट्रिब्यूटर बसवून फिरवला की एका कड्यावर ठिणग्या ठिपक्यांसारख्या दिसतात. दादाने पॉइंट्स बसवले, फट लावली आणि यंत्र फिरवलं. चार ठिपके चार कोपऱ्यांत पोलिसांसारखे उभे राहिले. दादाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग वेग वाढवत नेला. पुतण्याला आठ हजार फेरे हवे होते. सहा हजारांच्या पुढे ठिपके चुळबुळ करायला लागले आणि सातला रजेवर गेल्यासारखे पांगले. पॉइंट्स उड्या मारत होते. दादाने यंत्र बंद केलं आणि बराच वेळ ते पुसत बसला.

"पोरगं बरोबर होतं," एवढंच म्हणाला.

पोरगं काय म्हणत होतं ते त्याच्या वहीत होतं. निळ्या पुठ्ठ्याची वही, वर तेलाचे डाग. दादा ती उघडत नव्हता. त्याचं अक्षर बघवत नाही म्हणाला. तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी खुर्चीत बसायचो आणि दादाच्या चांगल्या कानाशी, म्हणजे कमी वाईट कानाशी, वाचायचो. तिसरी पद्धत त्याने नक्की केली होती, कारणांसकट. डिस्ट्रिब्यूटर फिरवणारी साखळी सैल असली की तो इकडेतिकडे होतो, क्रँक मात्र खोटं बोलत नाही, असं लिहिलं होतं. पुढे चाकाची मापं होती: व्यास, जाडी, आणि 'छत्तीस वजा एक दात'. आयुष्यभर मजकूर कापून चौकटीत बसवण्याचं काम केलेला माणूस मी. मला ते 'वजा एक' म्हणजे पोराची कच्ची आकडेमोड वाटली. मी "छत्तीस दात" असं वाचलं आणि पुढे गेलो.

चाक टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेलं सापडलं. पुतण्याने स्वतः कापलेलं. दादाने ते उजेडात धरलं, एक फेरा फिरवलं, एका जागी अंगठा थांबला. मग ते फडक्यात गुंडाळून त्याने खिशात टाकलं आणि जरा घासूनपुसून आणतो म्हणाला. तीन दिवसांनी ते चाक चकचकीत होऊन आलं आणि क्रँकवर चढलं.

इलेक्ट्रॉनिक डब्याचं मात्र आम्हा दोघांना काहीच कळत नव्हतं. तिथे कानवाली आली. दादाचं कानाचं यंत्र जिच्याकडून बसवून घेतलं ती ही मुलगी, पुतण्याच्या वर्गातली. कुणाचा आवाज कुठपर्यंत पोचतो हे पाहणं हाच तिचा धंदा. दवाखान्यात दादाच्या यंत्राचा आवाज लावता लावता तिला इंजिनाचं कळलं, आणि रविवारी ती लॅपटॉप घेऊन हजर झाली. दादा तिला तोंडावर कानवाली म्हणायचा. ती त्याला काका म्हणायची आणि बोलताना त्याच्यासमोर उभी राहायची, म्हणजे त्याला ओठ दिसतील.

आता एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. ठिणगी नेमकी किती अंशांवर पडते हे पाहायला क्रँकच्या टोकाला अंशांच्या खुणा असलेली गोल तबकडी लागते. ती शेडमध्ये नव्हती. दादाने घरभर फिरून, पट्टी लावून, शेवटी साखरेच्या मोठ्या स्टीलच्या डब्याचं झाकण पसंत केलं. घरात एवढी एकच वस्तू खरी गोल आहे, म्हणाला. त्याला मधोमध भोक पाडलं, कडेला खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि ते दातेरी चाकाच्या पुढे बोल्टने आवळलं. चाक त्यामागे समोरून पूर्ण झाकलं गेलं. वहिनीने विचारल्यावर, चार दिवसांत देतो, असं सांगितलं. तेव्हापासून साखरेच्या डब्यावर बशी होती. मी एकदा नवा डबा आणून देतो म्हणालो तर वहिनी म्हणाली, "नको भाऊजी. झाकण येईल."

पहिल्या रविवारी स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, खोकलंसुद्धा नाही. ठिणगीच नव्हती. कानवालीने लॅपटॉपवर पाहून सांगितलं की इंजिन फिरतंय एवढं इलेक्ट्रॉनिक डब्याला कळतंय, पण ते फेऱ्यात कुठे आहे ते कळत नाही. मी म्हणालो, माझंही गेली काही वर्षं असंच आहे. कुणी हसलं नाही. दादाला ऐकू आलं नव्हतं आणि कानवाली सभ्य होती.

दुसऱ्या रविवारी सेन्सर बदलला. दादाने चाक आणि सेन्सर यांच्यातली फट दहादा मोजली. तिसऱ्या रविवारी सगळ्या तारा काढून नव्याने टाकल्या, कारण ठिणगीच्या तारेचा त्रास सेन्सरच्या तारेला होतो म्हणे. सख्खे शेजारी असले की होतोच. प्रत्येक वेळी तेच: इंजिन फिरतंय, कुठे आहे ते कळत नाही. एकदा कानवालीने विचारलंही, काका, चाक वहीत आहे तसंच आहे ना? दादा म्हणाला, "वहीपेक्षा चांगलं आहे."

मधल्या मधे दादाचे कान डॉक्टरांच्या सहा महिन्यांची वाट न बघता उतरत होते. पहिल्या रविवारी पत्र्याच्या डब्यात पाना पडला तर तो वळून बघायचा. तिसऱ्या रविवारी पाना पडला तो त्याच्याच हातातून, आणि तो कुठे गेला म्हणून तो माझ्या खुर्चीखाली शोधत होता. दाराची बेल ऐकू येईना. वहिनीचा आवाज सगळ्यात आधी गेला. बायकांचा आवाज बारीक म्हणून आधी जातो, असं डॉक्टरांनी शास्त्रोक्त कारण सांगितलं. वहिनी म्हणाली, चाळीस वर्षांपूर्वीच गेला होता, तेव्हा आलेख काढत नव्हते. हे ती हसत बोलली आणि मग पेले विसळायला आत गेली ती बराच वेळ आली नाही.

चौथ्या आठवड्यात दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. कानवालीने बाहेरच्या बाकावर मला बाजूला घेऊन सांगितलं की यंत्राचा आवाज आता शेवटपर्यंत वाढवून झालाय. यापुढे वाढवायला आकडा नाही. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, दिवसांत विचारताय तेच बरोबर आहे.

पाचव्या रविवारी ती एक जुना ऑसिलोस्कोप घेऊन आली. कानाच्या यंत्रांचे आवाज लाटांसारखे दाखवणारं छोट्या पडद्याचं यंत्र. ते तिने सेन्सरच्या तारेला जोडलं आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. पडद्यावर हिरव्या लाटा आल्या. एकसारख्या, एका उंचीच्या, एका अंतराने, जशा शाळेच्या वहीत घोटून काढाव्यात. मला त्या फार सुंदर वाटल्या आणि मी तसं म्हणालो. कानवाली मात्र पडद्याकडे बघत राहिली. तिने झाकण सोडवलं, टॉर्च मागवला आणि चाकाचे दात बोटाने मोजले. दोनदा मोजले. मग उठून दादाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काका, इथे एक दात नसायला हवा."

दादाने हाताने पुन्हा म्हण अशी खूण केली. तिने सावकाश सांगितलं. सगळे दात सारखे आले तर मोजायला सुरुवात कुठून करायची ते डब्याला कळणार नाही. म्हणून एक जागा रिकामी सोडायची. ती रिकामी जागा गेली की डबा समजतो, फेरा इथून सुरू.

दादा तिच्या ओठांकडे बघत होता. तिचं बोलणं संपलं तरी बघत होता.

"त्याने मुद्दाम ठेवली होती?"

कानवालीने मान हलवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चाक उजेडात धरल्यावर एक दात नाही असं दादाला दिसलं. कापताना पोराचा हात घसरला असेल, त्याला वाटलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तो कुणाशी न बोलता वेल्डरकडे गेला, गाळा भरून घेतला आणि दोन दिवस कानशीने घासून असा दात काढला की शेजारचे दात लाजावेत. ही काही नवी गोष्ट नव्हती. पोरगा शेडमध्ये काम करायला लागल्यापासून दादाचा हाच शिरस्ता. पोरगा जेवायला आत गेला की दादा त्याने आवळलेले बोल्ट सोडून पुन्हा आवळायचा, लावलेली फट पुन्हा लावायचा, आणि तो यायच्या आत हात पुसून बसायचा. पोराला कधी ताकास तूर लागू दिली नाही. त्याला वाईट वाटायला नको.

दादा स्टुलावर बसला. बोलताना आपला आवाज किती मोठा निघतोय ते त्याला आता कळत नसे, त्यामुळे पुढचं वाक्य तो फार मोठ्याने बोलला. मागच्या दारापर्यंत गेलं असणार.

"मग मी आजवर त्याचं जे जे सुधारलं, ते सगळं आधीच बरोबर असेल काय रे?"

मी वही उघडली, 'छत्तीस वजा एक' वर बोट ठेवलं आणि ते त्याला दाखवलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं. मी वाचलं नाही, मी गाळलं. दादाने पोराचं अक्षर पाहिलं, वर्षभरानंतर पहिल्यांदा. बघवत नाही म्हणाला होता, पण बघितलं. मग म्हणाला, "तुझी चूक निदान कमी शब्दांत आहे."

कानवालीने मार्ग सांगितला: कुठलाही एक दात कापा, मी डब्यात आकडा बदलते, पाच मिनिटांचं काम आहे. दादा नाही म्हणाला. त्याने कापला होता तोच. पण तो कुठला, हे आता कुणाला सांगता येईना. चाक उतरवून व्हाइसमध्ये धरलं. भिंग लावलं. दादाने काम इतकं सफाईने केलं होतं की दादालाही सापडेना. दात आहेत तर चणे नाहीत असं ऐकून होतो. इथे दात आहेत हेच दुखणं होतं.

मग त्याने बारीक कानस घेतली आणि एकेका दातावर एकेक हात फिरवायला सुरुवात केली. वेल्डिंगचा धातू कडक असतो, तिथे कानस घसरते. पूर्वी हे त्याला आवाजावरून कळलं असतं. आता त्याने डोळे मिटले होते आणि बोटं कानशीच्या टोकावर ठेवली होती. बावीस दात गेले. तेविसाव्यावर कानस घसरली. त्याने पुन्हा एकदा फिरवून पाहिली, मग लोखंड कापायचा हॅक्सॉ मागितला.

कापायला दहा मिनिटं लागली. मी करतो म्हणालो तर त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं.

चाक चढलं, फट लागली, झाकण पुन्हा पुढे आवळलं, कारण ठिणगीची वेळ तपासायची होती. कानवालीने टायमिंग लाइट हातात घेतला. ठिणगीगणिक चमकणारा तो दिवा. मी स्टार्टर मारला. दोन फेरे, तीन, आणि इंजिन एकदम पेटलं. पत्र्याचं शेड, खिडकीची तावदानं, माझी खुर्ची, सगळं थरथरायला लागलं. कपाटावरचे स्क्रू उड्या मारून खाली यायला लागले. आणि त्या दिव्याच्या उजेडात साखरेच्या डब्याचं झाकण, मिनिटाला हजार फेरे मारणारं, दर फेऱ्याला त्याच जागी उजेडात सापडून जागच्या जागी उभं दिसत होतं. खुणा वाचता येत होत्या. पोराने वहीत लिहिलेल्या अंशावर रेघ अजिबात हलत नव्हती.

मी दादाकडे पाहिलं. त्याचं कानाचं यंत्र आवाजाने शिट्टी मारायला लागलं असावं, कारण त्याने ते काढून खिशात ठेवलं. मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. त्रेचाळीस वर्षांची सवय. तसाच वाकून उभा राहिला. मग मूठ दुसऱ्या कानामागे लावली. मग दातांत धरली. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरवर पंजा ठेवला, जसा ताप बघायला कपाळावर ठेवतात.

"आवाज कसा आहे?" त्याने मला विचारलं.

मी चांगला अशी खूण केली.

"चांगला म्हणजे काय? लेखक ना तू? नीट सांग."

चाळीस वर्षं आठवड्याला दोन स्तंभ लिहिलेला माणूस मी. नेत्यांच्या ढेकरांचं मी अर्धा कॉलम वर्णन केलेलं आहे. वहीचं मागचं पान उघडलं, पेन्सिल घेतली आणि काही सुचेना. गर्जना लिहिलं, खोडलं. गाणं लिहिलं, ते तर लगेच खोडलं. दादा थांबला होता. शेवटी लिहिलं: 'एकही ठिणगी चुकत नाही.' त्याने वही लांब धरून वाचलं. वर मुलाचं अक्षर, खाली माझं. दोन्ही वाचलं.

"मग बरोबर आहे," म्हणाला, आणि पंजा तिथेच ठेवून उभा राहिला.

तेवढ्यात दारात वहिनी दिसली. पायरीवर नाही, शेडच्या दारात. मग ती आत आली. एक वर्षाने. पदराला ओले हात पुसत ती सरळ इंजिनापाशी गेली. कानवालीने दिवा खाली घेतला. मी खुर्चीतून उठलो. ती इंजिनाकडे पाहत होती, नवऱ्याच्या पंजाकडे पाहत होती, त्या फिरणाऱ्या झाकणाकडे पाहत होती. आता ही काय बोलते, बोलते की कोसळते, म्हणून आम्ही दोघं श्वास धरून उभे. ती माझ्या कानाशी आली. त्या घरात ऐकू येणारा कान तो एकच उरला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "झालं असेल तर ते झाकण तेवढं द्या. साखरेला मुंग्या लागतात."